फुगडी, लाठी आणि रविवारचा घाट

नव्या गावात दूध कुणाकडून घ्यायचं, गिरणी कुठली चांगली, वीज गेली तर कुणाला फोन करायचा, हे आठ-पंधरा दिवसांत कळतं. शरीर कुठे हलवायचं आणि मन कुठे रमवायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. ऑफिसातले लोक ‘अंबाबाईला जाऊन आलात का, मिसळ खाल्लीत का’ एवढं आपुलकीने विचारतात, आणि साडेसहाला आपापल्या घरी जातात. माझी अमरावतीहून कोल्हापूरला बदली झाली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. लेक शिकायला पुण्यात, नवऱ्याची नोकरी अमरावतीतच. संध्याकाळ खरोखर मोकळी होती, आणि परक्या गावात मोकळी संध्याकाळ फार लांबते. हल्ली बदलीवर आलेल्या बायका मला विचारतात, ‘तुम्ही कसं जमवलंत?’ त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

अमरावतीत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आमच्याकडे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, १९१४ पासूनचं. तिथली मंडळी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सुट्टीत मंडळाच्या मैदानावर जायचं, मल्लखांबाला लटकायचं, मातीत पडायचं. लग्नानंतर मैत्रिणींबरोबर पहाटेचं चालणं सुरू झालं. उन्हाळ्यात आमच्याकडे पाचला निघालं नाही तर चालणं होतच नाही. ही सगळी सवय गावाने लावलेली होती, मी ती वेगळी कमावलेली नव्हती. कोल्हापुरात ती एकटीने नव्याने उभी करायची होती. शिवाय डावा खांदा. बदलीच्या आधी तो आखडला होता, फिजिओथेरपीने बराच सुटला होता, पण वेणी घालताना अजून कुरकुरायचा.

जूनमध्ये आले आणि पाऊस सुरू झाला. आमच्या विदर्भातला पाऊस गडगडाट करत येतो, पडतो आणि जातो. इथला मुक्कामालाच येतो. त्यामुळे पहिला विचार जिमचाच आला. घरापासून जवळ एक जिम होती. वर्षाची फी एकदम भरली तर सवलत, महिन्याची भरली तर जवळजवळ दुप्पट. ट्रेनर मुलगा चांगला होता, पण त्याने वजन विचारलं, उंची विचारली, आणि खांद्याचं मी सांगेपर्यंत विचारलं नाही. सांगितल्यावर ‘हळूहळू होईल’ म्हणून तो पुढच्या माणसाकडे वळला. मी महिन्याचीच फी भरली होती. यंत्रं उत्तम होती, घामही येत होता. तासाभरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, प्रत्येकाच्या कानात आपापलं गाणं. घरी एकटं राहणाऱ्या माणसाला व्यायामाच्या जागीही एकटंच राहावं लागलं, तर पाय तिकडे वळत नाहीत. ज्यांचं घर माणसांनी भरलेलं आहे त्यांना हाच निवांतपणा हवासा वाटत असेल, आणि तो त्यांना मिळायलाच हवा. मला तो नको होता. महिना संपल्यावर मी थांबले.

मी शिवाजी पेठेत भाड्याने राहते. तिथून रंकाळा तलाव पायी पाच-सात मिनिटांवर. पावसाने जरा उघडीप दिली की मी तिकडे जायला लागले. संध्याकाळी चौपाटीच्या बाजूला भेळ-आइस्क्रीमची गर्दी असते, मुलं धावत असतात, तिथे सलग चालणं होत नाही. पहाटेचा रंकाळा वेगळा. शालिनी पॅलेसच्या बाजूने गेलं की झाडं, ओली माती, आणि पाण्यावरून येणारा गार वारा. पाऊस वाढला की तळ्यातला संध्यामठ, ती जुनी दगडी वास्तू, हळूहळू पाण्यात जातो. रोज चालणारी मंडळी त्याच्या बुडालेल्या भागावरून पावसाचा हिशेब करतात. शहराचा मोठा हिशेब मात्र राजाराम बंधाऱ्यावर होतो. पंचगंगेची तिथली पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिलेत ते जुलैच्या शेवटी एकमेकांना ‘काय म्हणतोय बंधारा?’ असं विचारूनच पुढे जातात. मीही ते विचारायला लागले आणि त्यामुळे चालणाऱ्यांशी माझी ओळख झाली. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या बाजूने चालायचं, एवढं पथ्य पाळलं की माणसं आपणहून बोलतात. ‘नवीन आलासा काय? कुठल्या तुम्ही?’ अमरावती म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘लै लांब की!’

त्याच सुमारास ऑफिसातल्या एका तरुण सहकारिणीने झुंबाच्या क्लासला नेलं. मला तो आवडला, हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या वयाच्या बायका ‘ते आपलं नाही’ म्हणून दारातूनच परत जातात. कोलंबियातल्या बेटो पेरेझ या शिक्षकाने नव्वदच्या दशकात सुरू केलेला हा प्रकार आहे. त्यात पावलं फार शिकावी लागत नाहीत, समोरच्याकडे बघत हलत राहायचं. तास भर्रकन जातो. पण काही दिवसांनी माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. घरी आल्यावर त्यातलं काही माझ्यापाशी उरत नव्हतं. मला आठवायला काही लागतं, भाजी चिरताना मनात घोळवायला काही लागतं. हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. माझी ती सहकारीण अजून आनंदाने जाते.

मग श्रावण आला.

आमच्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली आक्का म्हणते. साठी ओलांडलेल्या, अंगाने सडसडीत, आवाज खणखणीत. नागपंचमीच्या आधी एका संध्याकाळी खालच्या सोप्यात बायका जमल्या होत्या. मी ऑफिसातून येऊन जिना चढत होते, तेवढ्यात हाक आली, “वैनी, खाली या की. वर एकट्या बसून काय करताय?” मी साडी बदलून, सलवार-कमीज घालून खाली आले. गौरीच्या जागराची तयारी चालली होती. झिम्मा-फुगडी.

हे सगळं मला फक्त मंगळागौरीच्या कार्यक्रमांतून माहीत होतं, एकसारख्या नऊवारी नेसून स्टेजवर केलेलं. विदर्भात आमच्याकडे भाद्रपदातल्या गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. त्यांच्या जेवणाचा थाट मोठा, पण रात्र जागवून फुगड्या घालण्याची अशी धूम मी पाहिली नव्हती. इथे गौरी म्हणजे खेळ. पंचमीपासून गल्लीगल्लीत सराव सुरू होतो, माहेरवाशिणी येतात, सासू आणि सून एकमेकींचे हात धरून गरगरतात, आणि स्पर्धाही लागतात.

आक्कांनी मला समोर उभं केलं. हातांची फुली करून माझे तळवे घट्ट धरले. “पाय जोडा. माझ्या पायाला पाय लावा. आता कंबर मागं टाका, भिऊ नका, मी धरलंय. आन् माझ्या तोंडाकडं बघा. खाली बघितलासा की चक्कर आलीच.” मी बघितलं, आणि आम्ही फिरायला लागलो.

फुगडीतली सगळी मेख त्या तीन सूचनांत आहे, हे मला पुढे महिनाभर करून करून समजलं. पाय मधोमध एकत्र आणि अंग बाहेर झुकलेलं असेल तरच वेग येतो. हात कोपरात वाकवले की दोघी एकमेकींवर येतात आणि लय तुटते. म्हणजे समोरचीवर आपलं वजन पूर्ण टाकावं लागतं, अर्धवट टाकून चालत नाही. आणि चेहऱ्याकडे बघायचं ते अशासाठी, की दोघी एकाच वेगाने फिरत असल्यामुळे समोरचा चेहराच तेवढा स्थिर दिसतो. बाकी गल्ली, दिवे, माणसं सगळी धावत असतात. नजर त्या धावणाऱ्या गोष्टींवर गेली की डोकं गरगरतं. थांबतानाही एकदम थांबायचं नाही, पावलं मोठी करत वेग उतरवायचा. दम तर असा लागतो, की पहिल्या संध्याकाळी दोन फेऱ्यांत मी भिंतीला टेकून बसले. पोटऱ्या, मांड्या, पोट, पाठ, मनगट, सगळ्यांना काम. माझ्या फिजिओताईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, फुगडी घाला, पण हात डोक्याच्या वर नेणारे प्रकार अजून नकोत आणि ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांच्याशीच घाला. आक्कांवर माझा भरवसा होता.

साधी फुगडी जमल्यावर बसफुगडी आली. उकिडवं बसून, उड्या मारत, एकेक पाय पुढे टाकायचा. माझ्या गुडघ्यांना ती झेपत नाही, मी घालत नाही, आणि गल्लीत कुणी त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. ज्यांना फिरता येत नाही त्या गाणं म्हणतात, ज्यांना गाता येत नाही त्या टाळ्यांनी ठेका धरतात. एक आजी तर खुर्चीवर बसून फक्त कुणाची पावलं चुकतात ते सांगत असत, आणि त्यांचं म्हणणं सगळ्या ऐकत. एका फुगडीत दोघींच्या वयात पन्नास वर्षांचं अंतर असू शकतं. अशी जागा मला आजवर कुठल्या क्लासमध्ये दिसलेली नाही.

झिम्म्याची गाणी पाठ करायला मी एक वही केली. आक्का सांगत, मी लिहून घेत असे. मग एका रात्री त्यांनी विचारलं, “तुमच्याकडं काय म्हणत्यात?” मी भुलाबाईबद्दल सांगितलं. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात मुली भुलाबाई मांडतात, रोज गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. लहानपणची ती गाणी मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आठवत होती. सगळ्यांनी ती ऐकली, चाल पकडली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या फेरात एक भुलाबाईचं गाणं आलं. अमरावतीला आईला फोनवर ऐकवलं तेव्हा ती कितीतरी वेळ बोलली नाही, मग म्हणाली, “अगं, दुसरं कडवं राहिलं ना!”

गौरीच्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत खेळलो. त्या रात्रीनंतर मला गल्लीत कुणी ‘अमरावतीच्या मॅडम’ म्हणत नाही.

इथे मी माझं मत सांगून टाकते. नव्या गावात आल्यावर आपण आपल्या सवयीची गोष्ट शोधतो: तिथे योग करत होतो, इथे योगवर्ग कुठे, तिथे जिम, इथे जिम. ती मिळतेही. पण ते गाव स्वतः काय खेळतं, कशावर नाचतं, कुठे घाम गाळतं, हे पाहिलं तर आपल्याला आवडेल हे ठाऊकही नसलेलं काही हाती लागतं. आणि त्याला जोडून माणसं येतात. कोल्हापूर या बाबतीत फार श्रीमंत आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले ते इथल्याच मातीत घडून, आणि त्यानंतर ७२ वर्षांनी पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळेही याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. इथे पेठेपेठेत तालमी आहेत. तालमीच्या नावाने फुटबॉलचे संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की त्या दिवशी गल्लीत पुरुष माणूस सापडत नाही. मी दोन-चार सामने पाहिले. नियम कळत नव्हते, पण शेजारच्या अनोळखी काकूंनी सगळा खेळ समजावून सांगितला, कुणाचा मुलगा कुठल्या जागी खेळतो यासकट.

लाठीकडे मी याच बायकांमुळे गेले. आक्कांची भाची कॉलेजात शिकते, ती मर्दानी खेळ शिकायला जायची. गौरीनंतर तिच्याबरोबर नुसतं बघायला गेले. मोकळं पटांगण, एका कोपऱ्यात शस्त्रं मांडलेली, त्यांना आणि मातीला नमस्कार केल्याशिवाय कुणी हात लावत नाही. लाठी, फरी-गदका (ढाल आणि काठी), विटा (दोरी बांधलेला भाला), दांडपट्टा. दांडपट्ट्याला तर राज्य सरकारने २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान दिला आहे. हलगी सुरू झाली आणि एक बारा-तेरा वर्षांची मुलगी पट्टा घेऊन मध्ये आली. तिच्याभोवती त्या पात्याचं जे कडं तयार झालं, ते पाहताना माझ्या अंगावर काटा आला.

वस्तादांना मी विचारलं, “या वयात शिकवाल का?” त्यांनी वय विचारलंच नाही. म्हणाले, “हात दाखवा ताई.” मनगट फिरवून पाहिलं, खांदा वर करायला लावला. कुठे अडकतो ते बघितलं. “हितनं पुढं न्यायचा नाही. जेवढा फिरतोय तेवढ्यात फिरवायचा. पुढं आपोआप जाईल.” जिथे मी पैसे भरले होते तिथे हे कुणी आपणहून विचारलं नव्हतं, इथे एका वाक्यात माझं दुखणं त्यांच्या ध्यानात आलं. त्या क्षणी मी ठरवलं.

पहिला सबंध महिना हातात काठी कमी आणि पवित्रे जास्त. पाय किती अंतरावर, गुडघा किती वाकलेला, वजन कुठल्या पायावर, वळताना टाच उचलायची की पंजा. वस्तादांचं म्हणणं, काठी हाताने फिरवणारा पाच मिनिटांत दमतो, कमरेने फिरवणारा दमत नाही. काठी आपल्या कानाएवढी उंच, हलकी, गाठी तासलेली. आधी एका हाताने पुढे, मग बाजूला, मग दोन्ही हातांत बदलत. काठी सुटून पायावर पडते, मनगट दुखतं, हे होतंच. पण हाताला ज्या दिवशी बदल सापडतो आणि काठीचा तो घुमणारा आवाज पहिल्यांदा आपल्या काठीतून येतो, त्या दिवशीचा आनंद मी शब्दांत पुरा सांगू शकणार नाही. खांदा आता वेणी घालताना कुरकुरत नाही. याचं श्रेय मी फिजिओथेरपी आणि लाठी, दोघांनाही देते. ज्यांचा खांदा आखडला आहे त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं, मगच काठीला हात घालावा.

अधेमध्ये कथक. त्याची ओढ मला शाळेपासून होती. कोल्हापुरात शास्त्रीय नृत्याचे वर्ग पुष्कळ आहेत, पण बहुतेक लहान मुलींचे. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांच्या वेळापत्रकावर ते चालतात: प्रारंभिक, प्रवेशिका, पुढे मध्यमा. मोठ्या वयात सुरुवात करणारीने सरळ सांगावं, की मला परीक्षा द्यायची नाही, तत्कार शिकायचा आहे. एका ताईंनी ते मनापासून ऐकून घेतलं आणि आम्हा चार-पाच जणींची वेगळी बॅच लावली. त्रितालाच्या सोळा मात्रा पायाने वाजवायच्या, ‘ता थेई थेई तत्’, आधी ठाय लयीत, मग दुप्पट. हिवाळाभर गेले. पुढे टाच दुखायला लागली. फरशी कडक होती आणि तत्काराला पाय पूर्ण आपटावा लागतो. ताई स्वतःच म्हणाल्या, आता थांबा. मी थांबले, पण त्या सोळा मात्रा माझ्या पायांत राहिल्या. फेर धरताना सम कुठे येते ते मला कळतं. आणि खासबागेजवळच्या गायन समाज देवल क्लबात गाणं ऐकायला जायची गोडी लागली ती त्यामुळेच. संस्था १८८३ पासूनची. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, कितीतरी वर्षं या गावात राहिले. त्या परिसरात बसून तबल्याचा ठेका मांडीवर मोजणं ही माझी हक्काची संध्याकाळ झाली आहे. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं. त्याबद्दल बोलताना इथली माणसं अजून हळवी होतात. घरातलं कुणी गेल्यावर बोलतात तसं बोलतात.

आणि रविवार. रविवारी मी चित्रं काढते.

चित्रकलेशी माझा संबंध एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपुरता. पण दिवाळीनंतर एका सकाळी पंचगंगेच्या घाटावर गेले, तर पायऱ्यांवर पाच-सहा जण मांडीवर पॅड घेऊन बसलेले. कुणी कॉलेजची मुलं, एक निवृत्त चित्रकला शिक्षक, एक दवाखाना उघडायच्या आधी येणारे डॉक्टर. कुणी कुणाला शिकवत नव्हतं, पण मध्येच एखादा उठून दुसऱ्याच्या पाठीमागे उभा राहायचा. मी बराच वेळ बघत राहिले. निवृत्त सरांनी पॅडचा एक कागद फाडून दिला आणि पेन्सिल दिली. “ती दीपमाळ तेवढी काढा. बाकी सोडून द्या.”

सर पुढे मला एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत आले: काय सोडायचं ते आधी ठरवा. घाटावर दिसायला फार असतं. देवळांचे कळस, ओल्या पायऱ्या, धुणं, म्हशी, पलीकडे शिवाजी पूल, पाण्यातली सगळ्यांची प्रतिबिंबं. ते सगळं काढायला गेलं की चित्र मरतं. सकाळचं ऊन एका बाजूने येतं तेवढ्या वेळात सावल्या पकडायच्या; नऊनंतर ऊन डोक्यावर येतं आणि दगड सपाट दिसायला लागतो. जलरंगासाठी जाड कागद घ्यावा, ३०० जीएसएमचा. सुरुवातीला स्वस्त पातळ कागदावर पाणी पडलं की त्याला पोक येतं आणि माणसाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. रंग मात्र सहा पुरतात, आणि ब्रश दोन.

या गावात निसर्गचित्राची मोठी परंपरा आहे, हे मला घाटावर बसल्यावर कळलं. आबालाल रहिमान हे मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून आलेले आणि शाहू महाराजांनी आधार दिलेले चित्रकार. ते कोटीतीर्थाच्या काठी राहत आणि रंकाळा, पंचगंगा पुन्हा पुन्हा रंगवत. महाराज १९२२ मध्ये गेले तेव्हा त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली, असं इथे सांगतात. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता कॅमेऱ्यापर्यंत पोचले आणि १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. नट म्हणून ठाऊक असलेले चंद्रकांत मांढरे निसर्गचित्रकार होते, राजारामपुरीत त्यांचं कलासंग्रहालय आहे. पावसाळ्यात घाट पाण्याखाली असतो तेव्हा आम्ही तिथे जातो. आपण जे झाड चार रविवार काढायचा प्रयत्न केला त्या जातीचं झाड त्यांनी कसं सोडवलंय, हे बघताना डोळे उघडतात. दसरा चौकात शाहू स्मारक भवनात चित्रप्रदर्शनं लागतात, तिथेही आता मी ऑफिस सुटल्यावर सहज डोकावते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करायला सांगते. रंकाळा आणि लाठी मिळून ते सहज होतं. श्रावण-भाद्रपदात तर कितीतरी जास्त. पण मी मिनिटं धरून जात नाही. तास संपला तेव्हा ‘एवढ्यात?’ असं वाटलं का, एवढंच मी स्वतःला विचारते. जिथे घड्याळाकडे नजर गेली, तिथली गोष्ट कितीही गुणाची असली तरी मी सोडली. ज्या वयात आपल्याला कुणी जबरदस्तीने मैदानावर पाठवत नाही, त्या वयात आवड हीच एक गोष्ट आपल्याला घराबाहेर काढते.

विचारणाऱ्या बायकांना मी काही रोखठोक गोष्टीही सांगते. फी महिन्याचीच भरावी. आधी एक दिवस नुसतं बसून बघू द्या, असं म्हणावं. जे नाही म्हणतात तिथे जाऊ नये. आपल्या जुन्या दुखण्याबद्दल शिकवणारा स्वतः विचारतो का, बघावं. नाचायचं असेल तर जमीन हाताने दाबून पाहावी, लाकडी किंवा मॅट असेल तर उत्तम. परतीचा रस्ता पावसात आणि अंधारात एकदा चालून पाहावा. घरापासून लांबचा चांगला वर्ग जूनमध्ये बंद पडतो, जवळचा बरा वर्ग टिकतो. बॅचमध्ये कोण कोण येतं ते विचारायला लाजू नये. बदली शक्यतो जूनमध्ये होते, तेव्हा बाहेरचं काही जमत नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही. श्रावण लागला की गल्लीत कुठे टाळ्या ऐकू येतात तिकडे कान ठेवावा आणि बोलावलं की खाली जावं. बोलावलं नाही तरी जावं, इथली माणसं परत पाठवत नाहीत. घाटावरची मंडळी दिवाळीनंतर भेटतात. मर्दानी खेळ बघायचे असतील तर शिवजयंतीच्या आणि दसऱ्याच्या सुमाराला प्रात्यक्षिकं होतात, तिथेच एखाद्या वस्तादांना गाठून विचारता येतं.

पोहणं तेवढं राहिलं आहे. अमरावतीत शिकायचं राहून गेलं आणि इथे आजूबाजूला पाणीच पाणी. आक्का लहानपणी माहेरच्या विहिरीत, पाठीला पांगाऱ्याची लाकडं बांधून शिकल्या होत्या आणि अजून त्यांना हात मारता येतो. मी महापालिकेच्या तलावावर बायकांची वेगळी वेळ कुठली ते मार्चमध्ये विचारून येणार आहे. हे ऐकल्यापासून त्यांनी दोनदा आठवण केली आहे. “वैनी, दोघींचं नाव घाला. मी पण येतो.”